महाळुंग्याचा बोल्ट, रॉटरडॅमचा नाका

शंकेखोर : २७ जानेवारी २०२६ ला दिल्लीत भारत-युरोप मुक्त व्यापार कराराच्या वाटाघाटी संपल्याची घोषणा झाली, तेव्हा पुण्याजवळच्या चाकण-महाळुंगे औद्योगिक पट्ट्यात पेढे वाटायचे तेवढे बाकी होते. २००७ ला सुरू झालेली बोलणी २०१३ ला अडकली, २०२२ ला पुन्हा सुरू झाली आणि अखेर तडीला गेली. आनंद व्हायलाच हवा. पण मी पेन्सिल घेऊन बसलो की तो आनंद टिकत नाही. महाळुंग्याच्या शेडमध्ये बनलेला पोलादी बोल्ट युरोपात ७३१८ या एचएस कोडखाली, म्हणजे मालाच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या क्रमांकाखाली, जातो. त्यावर ३.७ टक्के आयातशुल्क. समजा बोल्टची किंमत टनाला २,००० युरो आहे, तर शुल्क झालं ७४ युरो. करार अमलात आला की हे ७४ युरो वाचतील. पण त्याच बोल्टवर १ जानेवारी २०२६ पासून सीबॅम, म्हणजे सीमेवरचा कार्बन-आकार, प्रत्यक्ष लागू झाला आहे. समजा आपल्या सळईचं उत्सर्जन युरोपच्या मापदंडापेक्षा टनामागे एक टन जास्त निघालं आणि कार्बनचा भाव ७५ युरो धरला, तर झाले ७५ युरो. शुल्काच्या खिडकीतून सोडलेले पैसे कार्बनच्या खिडकीतून परत मागितले, वर एक युरो जादा. मग बदललं काय?

उत्साही : तुमची बेरीज बरोबर आहे, पण त्या दोन रकमा एका जातीच्या नाहीत. ३.७ टक्के सगळ्यांना सारखे होते. तुम्ही सळई कुठून घेतली, भट्टी कशावर चालवली, याच्याशी त्यांना देणंघेणं नव्हतं. कार्बनचा आकार मात्र माणसामाणसाला वेगळा. स्वच्छ पोलाद घेणाऱ्याला वीस युरो लागतील, कोळशावरचं घेणाऱ्याला दीडशे. जो खर्च आपल्या निवडीवर ठरतो, त्याला मी नुसता कर म्हणणार नाही. आणि आणखी एक. तुम्ही, आणि पट्ट्यातले बहुतेक जण, युरोपचे सगळे नियम एकाच गाठोड्यात बांधता आणि त्या ओझ्याला घाबरता. गाठोडं सोडून बघा. त्यात सगळ्यात मोठा आकडा व्हॅटचा असतो : जर्मनीत १९ टक्के, नेदरलँड्समध्ये २१. पण कंपनी कंपनीला माल विकते तेव्हा हा व्हॅट खर्च नसतोच. तिकडचा आयातदार तो आपल्या विवरणपत्रात वजा करून घेतो, आपण आयजीएसटीचं क्रेडिट घेतो तसा. नेदरलँड्समध्ये तर 'कलम २३' चा परवाना असलेल्या आयातदाराला बंदरावर रोख भरावंच लागत नाही. व्हॅट विवरणपत्रात एकीकडे दाखवायचा, दुसरीकडे वजा करायचा. हॅम्बुर्गला जायचा माल रॉटरडॅमला उतरवण्यामागे हेही एक कारण असतं.

शंकेखोर : आयातदार खमका असेल तर. पण पट्ट्यातल्या लहान कारखानदाराला पीओ, म्हणजे खरेदीचा आदेश, येतो त्यावर हल्ली तीन अक्षरं असतात : डीडीपी. म्हणजे सगळं शुल्क, सगळा कर भरून माल माझ्या दारात आणून टाका. आपला माणूस ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात सही करतो. मग कळतं, की युरोपात आयातदार म्हणून आपलंच नाव लागणार आहे. त्यासाठी तिकडे ईओआरआय, म्हणजे सीमाशुल्काचा नोंदणी क्रमांक हवा, व्हॅटची नोंदणी हवी, आणि संघाबाहेरच्या कंपनीला बऱ्याच देशांत कराची जबाबदारी घेणारा स्थानिक प्रतिनिधी नेमावा लागतो. तो फी घेतो आणि वर बँक गॅरंटी मागतो. जो २१ टक्के व्हॅट 'खर्चच नाही' असं तुम्ही म्हणता, तो भरून परत मिळेपर्यंत आपल्या माणसाचं खेळतं भांडवल अडकलेलं असतं. इकडे आयजीएसटीचा रिफंड, तिकडे व्हॅटचा रिफंड, आणि मध्ये पगाराची एक तारीख. शिवाय युरोप म्हणजे आता एक बाजार नाही. ब्रिटन १ जानेवारी २०२१ पासून बाहेर आहे. कव्हेंट्रीच्या गिऱ्हाइकासाठी वेगळी नोंदणी, वेगळा करार. त्यांचा स्वतःचा सीबॅमही १ जानेवारी २०२७ पासून यायचा आहे. नियम वाचता येणाऱ्याला नियम सोपाच वाटतो. वाचायला माणूस ठेवणं परवडत नाही त्याचं काय?

उत्साही : त्याने डीडीपीवर सही करू नये. डीएपी म्हणावं, म्हणजे माल दारापर्यंत आमचा, शुल्क आणि कर तुमचा. हे एक वाक्य पीओत बदलून घेतलं तर तुम्ही सांगितलेली निम्मी दुखणी उरत नाहीत. राहिला कागदाचा त्रास. त्याबाबत मी उलट म्हणतो. युरोपची आयसीएस-२ ही प्रणाली २०२१ मध्ये टपाल आणि कुरियरसाठी आली, २०२३ मध्ये विमानाच्या मालाला लागली, आणि जून २०२४ पासून समुद्री मालालाही. न्हावा शेव्याला कंटेनर जहाजावर चढण्याच्या २४ तास आधी त्यातल्या मालाची माहिती युरोपच्या संगणकात गेलेली हवी. सहा आकडी एचएस कोड, घेणाऱ्याचा ईओआरआय, आणि मालाचं नेमकं वर्णन. 'ऑटो पार्ट्स' लिहिलं तर चालत नाही. ब्रेकचा भाग असेल तर तसं लिहावं लागतं. लोक कुरकुरले. पण आठवा, २०१३ पर्यंत पिंपरी-चिंचवडच्या हद्दीवर जकात नाके होते. महापालिकेची श्रीमंती त्या जकातीवर उभी होती आणि नाक्यावर ट्रकच्या रांगा. माल तिथेच थांबवायचा, तिथेच मोजायचा, तिथेच पैसे, आणि तिथेच हात ओले. आता नाका कागदावर आला. कागद चोख असेल तर खोकं कुठे थांबत नाही. हा बदल लहान माणसाच्या फायद्याचा आहे, कारण रांगेत ओळख चालते, संगणकात चालत नाही.

शंकेखोर : जकातीची गोष्ट काढलीतच तर ती पुरी करू. १ एप्रिल २०१३ ला जकात गेली आणि एलबीटी (स्थानिक संस्था कर) आली. नाका नाही, हिशेबाच्या वह्यांवरून कर. अगदी तुम्ही म्हणता तशीच सुधारणा. आणि व्यापाऱ्यांनी दुकानं बंद ठेवून आंदोलनं केली! का? नाक्यावर एकदा पैसे मोजले की माणूस मोकळा होत असे. वह्यांवरच्या करात तो कधीच मोकळा होत नाही. कुणीही, केव्हाही, मागच्या वर्षाची वही मागू शकतो. दोन वर्षांत, १ ऑगस्ट २०१५ ला, पन्नास कोटींच्या आतल्या उलाढालीवरची एलबीटी सरकारने काढून टाकली, आणि २०१७ ला जीएसटी आला. ज्यांनी एलबीटीसाठी सॉफ्टवेअर घेतलं, माणूस ठेवला, त्यांचे पैसे वाया गेले. महाळुंगे तर पालिकेच्या हद्दीबाहेर. तिथे ना जकात होती, ना एलबीटी. इथल्या माणसाला युरोपची वही हा पहिलाच धडा आहे. आणि मागच्या वर्षाची वही उघडणं म्हणजे काय, हे पाहायला युरोपला जायची गरज नाही. आपल्याच सीमाशुल्क खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये स्कोडा ऑटो फोक्सवॅगन इंडियाला सुमारे १.४ अब्ज डॉलरची नोटीस दिली. वाद एवढाच, की बाहेरून आलेले भाग सुटे भाग म्हणायचे की जुळणीसाठी आणलेली अख्खी गाडी. कंपनीने ते मुंबई उच्च न्यायालयात नेलं. बरोबर कोण ते न्यायालय ठरवेल. मी एवढंच पाहतो, की एचएस कोडचा वाद वर्षानुवर्षांच्या आयातीवर मागे जाऊन लागू शकतो. एवढ्या मोठ्या कंपनीला वकील परवडतात.

उत्साही : एचएस कोडवर आलात हे बरं झालं, कारण आजचा खरा प्रश्न तिथेच आहे. एकाच शेडमधून दोन फोर्जिंग निघतात असं धरा. एक साधा पोलादी भाग, कोणत्याही यंत्रात बसणारा. तो ७३२६ मध्ये जातो. दुसरा मोटारीसाठीच घडवलेला, मशिनिंग झालेला. तो ८७०८ मध्ये. पहिल्याला सीबॅम लागतो, दुसऱ्याला आज लागत नाही. म्हणजे सळईवर तुम्ही जेवढं पुढचं काम करता, तेवढे कार्बनच्या यादीतून बाहेर पडता. शिवाय युरोपने २०२५ मध्ये स्वतःच नियम सैल केला. वर्षाला ५० टनांपर्यंत माल आणणाऱ्या आयातदाराला सीबॅममधून सूट. त्यांच्याच हिशेबाने सुमारे ९० टक्के आयातदार सुटले, आणि तरी ९९ टक्के उत्सर्जन जाळ्यात राहिलं. प्रमाणपत्रांची विक्री फेब्रुवारी २०२७ पासून. युरोपातल्या कारखान्यांना मिळणारं फुकट उत्सर्जनही २०३४ पर्यंत पायरीपायरीने बंद व्हायचं आहे, त्यामुळे आपल्यावरचा बोजाही त्याच पायऱ्यांनी चढणार. सुरुवात अडीच टक्क्यांनी. एवढी मुदत एलबीटीला कुणी दिली होती?

शंकेखोर : त्या अडीच टक्क्यांनी पट्ट्यात फार गैरसमज पसरवला आहे. लोकांना वाटतं, २०२६ मध्ये कार्बनच्या बिलाचे फक्त अडीच टक्के भरायचे. तसं नाही. युरोपच्या मापदंडापुरत्या उत्सर्जनावर अडीच टक्के. मापदंडाच्या वर तुमचं जेवढं असेल, त्यावर पहिल्या दिवसापासून पुरे. ज्याचं पोलाद कोळशावरचं, त्याला पायऱ्या नाहीतच, एकदम गच्चीवर. ५० टनांची सूटही आपली नव्हे, आयातदाराची. तुमचा जर्मन गिऱ्हाईक जगभरातून ५१ टन बोल्ट घेत असेल, तर त्यातले तुमचे दोनच टन असले तरी त्याला माहिती हवी आहे. आता माहिती म्हणजे काय ते सांगतो. बोल्ट बनवताना महाळुंग्यात फारसा कार्बन निघतच नाही. तो निघालेला असतो सळई ओतताना. नियम म्हणतो, सळईचा कार्बनही मोजा. आपण सळई घेतो ट्रेडरकडून. सोबत मिल टीसी, म्हणजे मिलचं चाचणी प्रमाणपत्र, येते. त्यावर हीट नंबर असतो, कार्बन, मँगनीज, क्रोमियमचं प्रमाण असतं. धुराड्यातून किती कार्बन गेला ते नसतं. ट्रेडरला विचारलं तर तो हसतो. मिलला पत्र लिहिलं तर उत्तर येत नाही, कारण महिन्याला चार टन घेणाऱ्याला कोण उत्तर देतं? खरी आकडेवारी द्यायची तर ती युरोपने मान्य केलेल्या पडताळणी करणाऱ्याकडून तपासून घ्यायची. त्याने प्रत्यक्ष येऊन पाहायचं. ते बिल कुणाचं? आणि आकडे नाही दिले तर ठरवून दिलेले देशवार आकडे लावतात. वर २०२६ ला १० टक्के, २०२७ ला २० आणि २०२८ पासून ३० टक्के वाढवून. न सांगणाऱ्याला दंड आहे हा. आणि न सांगणारा कोण? ज्याला माहीतच नाही तो.

उत्साही : तुमचा मुद्दा खरा आहे, आणि तो मी हलका करणार नाही. पण त्याच नियमात आपल्या बाजूची एक गोष्ट आहे. पोलादाच्या बाबतीत सीबॅम फक्त थेट उत्सर्जन मोजतो. विजेचं मोजत नाही. भारताची वीज अजून मुख्यतः कोळशाची, तरी ती या हिशेबात येत नाही. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत ओतलेलं पोलाद कागदावर कितीतरी स्वच्छ निघतं. भारताच्या पोलादाचं सरासरी उत्सर्जन टनामागे अडीच टनांच्या आसपास आहे. पोलाद मंत्रालयाने डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या केली तेव्हा मर्यादा २.२ टनांची ठेवली आणि त्याखाली तीन, चार, पाच तारे दिले. म्हणजे आपल्याच देशात आता पोलादाला उत्सर्जनाचा दर्जा मिळायला लागला आहे. ज्या मिलला तारे हवेत तिला मोजावंच लागेल. आणि एकदा मोजलं की तो आकडा टीसीवर यायला किती वेळ? आज मिल उत्तर देत नाही, कारण एकटा कारखानदार विचारतो. चाकणमधल्या पन्नास जणांनी एकत्र सळई घेतली आणि टीसीवर कार्बनचा आकडा मागितला, तर ट्रेडर हसणार नाही.

शंकेखोर : वीज मोजत नाहीत, यात गंमत दोन्ही बाजूंनी आहे. महाळुंग्यातल्या कितीतरी शेडवर गेल्या काही वर्षांत सोलर पॅनल चढले. गिऱ्हाइकाला फोटो पाठवले, पाठ थोपटून घेतली. पोलादाच्या सीबॅममध्ये त्या पॅनलचा एक पैसा उपयोग नाही.  म्हणजे माणूस चांगलं करतो तिथे नियम पाहत नाही. भंगाराचंही तेच. आपल्याकडच्या बहुतेक इंडक्शन भट्ट्यांत नुसतं भंगार पडत नाही, स्पंज आयर्नही पडतं, आणि भारतातलं स्पंज आयर्न बहुतांशी कोळशावर बनतं. तो कार्बन मोजला जातो. आता मोठा प्रश्न. युरोपने दोनशे वर्षं कोळसा जाळून कारखाने उभे केले. तेव्हा सीमेवर कुणी वजनकाटा लावला नव्हता. आपण आत्ता कुठे मोटारीचे भाग निर्यात करायला लागलो, आणि काटा लागला. हवामान करारांत जबाबदारी सगळ्यांची, पण कुवतीप्रमाणे वेगळी, असं तत्त्व आहे. सीबॅममध्ये ते कुठे दिसतं? गोळा झालेला पैसाही जातो युरोपच्या तिजोरीत. आपल्या भट्ट्या सुधारायला नाही.

उत्साही : पैसा तिकडे जाऊ नये यासाठीच एक दार ठेवलं आहे. निर्यात करणाऱ्या देशात कार्बनची किंमत भरलेली असेल तर ती सीबॅममधून वजा होते. भारताने कार्बन क्रेडिटच्या व्यापाराची योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित केली आहे. जो पैसा द्यायचाच आहे, तो इथे दिला तर इथल्या कामी येईल. न्यायाबद्दल म्हणाल तर मी तुमच्याशी सहमत आहे, आणि भारताने तो मुद्दा सोडू नये. पण न्याय मिळेपर्यंत धंदा थांबवता येत नाही. महाळुंग्याकडेच बघा. बजाज ऑटोचा चाकण प्रकल्प महाळुंग्याच्याच हद्दीतला. २००७ मध्ये बजाजने ऑस्ट्रियाच्या केटीएममध्ये भांडवल घातलं, आणि जानेवारी २०२३ मध्ये याच प्रकल्पातून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. अख्खी मोटरसायकल गेली तर २५० सीसीपर्यंत ८ टक्के, त्यापुढे ६ टक्के शुल्क. सीबॅमच्या यादीत आज मोटरसायकल नाही. बोल्ट विकण्यापेक्षा तो ज्यात बसतो ती वस्तू विकावी, हा धडा इथल्या मातीतच गिरवला गेला आहे.

शंकेखोर : धडा अर्धा सांगितलात. नोव्हेंबर २०२४ मध्ये तीच केटीएम ऑस्ट्रियात दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. सावरायला बजाजने ८० कोटी युरो उभे केले आणि २०२५ अखेर कंपनीचा ताबा घेतला. बजाजकडे ८० कोटी युरो होते. केटीएमला ब्रॅकेट पुरवणाऱ्याला भाग बाजूला ठेवून वाट बघावी लागते. आणि वरच्या पायरीवर गेलं की कार्बन मागे राहतो, हेही कायमचं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगाने प्रस्ताव मांडला, की पोलाद आणि ॲल्युमिनियम भरपूर असलेल्या आणखी १८० च्या आसपास उत्पादनांना २०२८ पासून सीबॅममध्ये घ्यावं. तुम्ही ७३२६ वरून ८७०८ वर चढाल, आणि यादी तुमच्या मागोमाग चढेल. जहाजाचंही पाहा. १ जानेवारी २०२४ पासून पाच हजार टनांवरच्या जहाजांना युरोपच्या कार्बन-बाजारात आणलं. न्हावा शेव्याहून रॉटरडॅमला जाणाऱ्या जहाजाचं निम्मं उत्सर्जन धरतात. पहिल्या वर्षाच्या उत्सर्जनापैकी ४० टक्क्यांचा हिशेब, मग ७०, आणि २०२६ पासून पूर्ण. पोर्ट सैद किंवा टँजिअरला माल उतरवून अंतर तोडायची पळवाटही बुजवली. आता यात योगायोग बघा. नोव्हेंबर २०२३ पासून तांबड्या समुद्रात हुथींचे हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली. वळसा लांब, इंधन जास्त, उत्सर्जन जास्त, म्हणून कार्बनचा अधिभारही जास्त. क्षेपणास्त्र चुकवलं म्हणून कर वाढला! त्यात महाळुंग्याचा कोणता दोष?

उत्साही : काहीच नाही. पण अधिभार कंटेनरमागे असतो. भरलेल्या कंटेनरमधल्या टनांवर वाटला की बोल्टमागे तो नगण्य उरतो. जहाजापेक्षा मला पार्सलचा बदल मोठा वाटतो. जुलै २०२१ ला २२ युरोंपर्यंतच्या पार्सलची व्हॅटमाफी गेली. आता १५० युरोंच्या आतल्या मालाची शुल्कमाफीही काढायचं ठरलं, आणि १ जुलै २०२६ पासून तात्पुरता उपाय म्हणून प्रत्येक वेगळ्या प्रकारच्या वस्तूमागे ३ युरो. कारण उघड आहे. २०२४ मध्ये असे ४.६ अब्ज नग युरोपात आले, त्यातले ९१ टक्के चीनमधून. स्वस्त मालाच्या पुरापुढे युरोपचा दुकानदार टिकत नव्हता. आपल्याला यात संधी आहे. चीनचा ५ युरोंचा माल ८ ला जाईल, तेव्हा आपला टिकाऊ माल उठून दिसेल.

शंकेखोर : आणि कोल्हापूरहून दोन चपलांचे जोड आणि एक पर्स पाठवणाऱ्या बाईला ६ युरो पडतील. नियम चीनकडे बघून केला, बसणार तिलाही. म्युनिकच्या पोराला फराळ पाठवणाऱ्या आईला ४५ युरोंपर्यंतची भेट अजून माफ आहे, पण पार्सलमध्ये तुपाची बरणी घातली तर ती पोचणार नाही. दुधा-मांसाच्या मालाला खासगी पार्सलात मनाई आहे. पण ते असो. एवढ्या बोलण्यातून मला एक गोष्ट स्पष्ट दिसायला लागली आहे, आणि ती कराच्या टक्केवारीची नाही. व्हॅट असो, आयसीएस-२ असो, सीबॅम असो, युरोप प्रत्येक ठिकाणी मालाबद्दलची माहिती मागतो. माहिती असेल त्याला दर कमी, नसेल त्याला दर जास्त. माहिती मिळवायचा खर्च मात्र पाच टनांना आणि पाच हजार टनांना जवळजवळ सारखाच. मग टनामागे तो कुणाला जड जाणार, हे सांगायला अर्थशास्त्री लागत नाही. नियम तोंडदेखला सगळ्यांना समान आहे, पण त्याचा पाया धरला आहे मोठ्या माणसाच्या मापाचा.

उत्साही : हे मी मान्य करतो, आणि माझा उत्साह इथे थोडा नेमका करतो. मी म्हणत होतो, चोख कागदवाल्याला संधी आहे. आता म्हणतो, चोख कागद हाही एक माल आहे. त्याला भाव लावायला आपण शिकलेलो नाही. आपण कोटेशन देतो त्यात सळई धरतो, मशिनिंग धरतो, प्लेटिंग, पॅकिंग, भाडं धरतो. माहितीचा खर्च धरत नाही, कारण गिऱ्हाईक ती मागतो तेव्हा ती 'सोबतची' मागतो. सीबॅमचं बिल कायद्याने आयातदाराचं आहे. पडताळलेला आकडा मिळाला तर त्याचं बिल कमी होतं. म्हणजे आपल्या कागदाने त्याचे पैसे वाचतात. मग त्या वाचलेल्या पैशात आपला वाटा का नसावा?

शंकेखोर : कारण तो म्हणेल, तू नाही दिलास तर तुर्कस्तानचा देईल.

उत्साही : म्हणेल. पण त्याने पाच वर्षं तुमच्या डायवर, तुमच्या पीपीएपीवर (भाग-मंजुरीच्या कागदांवर), तुमच्या दर्जावर विश्वास टाकला आहे. नवा पुरवठादार उभा करणं त्यालाही महाग पडतं. घासाघीस करायला जागा आहे. ती किती, हे प्रत्येकाने आपल्या गिऱ्हाइकाशी बोलून ठरवायचं. एकट्याची ताकद कमी पडते तिथे गटाने. पडताळणी करणारा एकदा आला आणि दहा शेड पाहून गेला, तर खर्च दहा जागी वाटला जातो. एमआयडीसीने सांडपाण्याची सामायिक शुद्धीकरण केंद्रं होऊ दिली, तसं सामायिक मोजमापाचं का होऊ नये?

शंकेखोर : व्हावं. पण तोवर माझी शंका उभीच आहे, आणि ती तुम्ही खोडलेली नाही. कराराने शुल्क उतरतं ते दोन्हीकडच्या सह्यांनी; सीबॅमची यादी वाढते ती फक्त ब्रसेल्सच्या इच्छेने. पोलाद, यंत्रसामग्री अशा गटांची जीएसपी, म्हणजे विकसनशील देशांना मिळणारी शुल्कसवलत, २०२६ ते २०२८ स्थगित ठेवली तीही त्यांनीच. एकतर्फी बदलणाऱ्या नियमासाठी दहा वर्षांच्या कर्जावर भट्टी घ्यायची का? मी म्हणेन, गिऱ्हाइकाने खर्चाचा वाटा लेखी मान्य केल्याशिवाय नाही.

उत्साही : आणि मी म्हणेन, भट्टी नका घेऊ, पण मोजायला आजच लागा. मोजणं स्वस्त आहे, आणि पुढच्या घासाघिशीत हातात आकडा असणारा आणि नसणारा यांत फरक पडतो. इथे आपलं जमणार नाही. तुम्ही आधी सही मागता, मी आधी आकडा.

शंकेखोर : नाही जमणार. पण पीओवर डीडीपी लिहून आलं तर सही करायची नाही, एचएस कोड गिऱ्हाइकावर न सोडता स्वतः तपासायचा, आणि सळईच्या प्रत्येक खरेदीत टीसीसोबत उत्सर्जनाचा आकडा लेखी मागायचा, मिळो न मिळो, एवढं तरी वाचणाऱ्याने दोघांचंही ऐकावं.

उत्साही : आणि तारीख लक्षात ठेवावी. सीबॅमचं पहिलं वार्षिक विवरणपत्र ३० सप्टेंबर २०२७ पर्यंत द्यायचं आहे, आणि त्यात हिशेब २०२६ मध्ये युरोपात उतरलेल्या मालाचा आहे.